पहारा कोण बदलील?

(वाचण्याचा भाग : निर्गम 17:8-13, लूक 10:30-35)



इस्राएल लोक मिसर देशातून निघून रानात आले असता रफीदीम येथे अमालेकी लोकांनी त्यांच्यावर चाल केली. यहोशवा खाली मैदानात लढत होता, आणि मोशे देवाची काठी घेऊन टेकडीच्या माथ्यावर उभा होता. त्याचा हात वर असे तोवर इस्राएलाची सरशी होई; हात खाली आला की अमालेकाची सरशी होई. ही कथा आपण रविवारच्या शाळेपासून ऐकत आलो आहो. प्रार्थनेच्या सामर्थ्याविषयी तिच्यावरून पुष्कळ उपदेश आपण ऐकले आहेत, आणि आम्ही स्वतः केलेही आहेत. पण त्या कथेच्या मध्यभागी एक साधी गोष्ट सांगितलेली आहे, तिच्याजवळ आम्ही कधी थांबलो नव्हतो. ती ही की, मोशेचे हात जड झाले. तेथे आम्हांस एका बाईने थांबविले. ते कसे घडले हे आज वाचकांस सांगावयाचे आहे.

आमचे बहुतेक वाचक खेड्यापाड्यांत राहणारे आहेत. तरी आज त्यांनी आमच्याबरोबर पुणे शहरातील नारायण पेठेत यावे. मुठा नदीकाठची ही जुनी पेठ. लोकमान्य टिळकांचा केसरीवाडा ह्याच पेठेत आहे. येथील एका जुन्या वाड्यात, तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत, आपल्याच एका खेड्यातील मंडळीतून आलेले कुटुंब राहते. घरधनी फौजेत हवालदार होते. नोकरीवर असता अपघात होऊन त्यांच्या पाठीच्या कण्यास दुखापत झाली, आणि कमरेखालचे अंग कायमचे लुळे पडले. मुलगा जवळच एका छापखान्यात कामास जातो, म्हणून बिऱ्हाड येथे. त्यांची नावे आम्ही लिहीत नाही. दुसऱ्यांच्या उपयोगी पडेल तर सांगा, पण नाव नको, असे त्यांचे म्हणणे आहे.

ह्या घरी आम्ही नऊ वर्षे जात आहो. महिन्यातून एकदा जावे, हवालदारांच्या खाटेजवळ बसावे, स्तोत्र वाचावे, प्रार्थना करावी, चहा घ्यावा आणि निघावे, असा आमचा क्रम होता. चहा त्यांची बायको आणून देई. आम्ही तिला म्हणत असू, "बाई, तुमची सेवा देव पाहत आहे." ती मान हलवी आणि कपबशा घेऊन आत जाई. आपण आपले कर्तव्य केले असे समजून आम्ही लकडी पुलावरून घरी परतत असू.

गेल्या पावसाळ्यात एके दिवशी आम्ही निघालो असता ती दारापर्यंत आली आणि हळू आवाजात म्हणाली, "पाळकसाहेब, एक विचारायचे आहे. मी रात्री देवाजवळ ह्यांचे मरण मागितले. एकदा नाही, तीनदा. मला क्षमा आहे का?"

आम्ही गडबडलो. धीर धरण्याविषयी एक वचन आमच्या तोंडी आले, तेवढ्यात ती पुढे म्हणाली, "मला ह्यांचा कंटाळा आलेला नाही हो. मला झोप पाहिजे."

बंधूंनो, नऊ वर्षांत आम्ही त्या घरी शंभराहून अधिक वेळा प्रार्थना केली असेल. पण ह्या बाईस रात्री झोप मिळते की नाही, हे एकदाही विचारले नव्हते. खाटेवरचा रोगी आम्हांस दिसत होता. खाटेजवळ उभी असलेली बाई आम्हांस दिसली नव्हती. हा दोष आमचा आहे, आणि तो आम्ही येथे कबूल करितो. कारण आम्हांस भय वाटते की, आमच्या पुष्कळ उपदेशकबंधूंचाही हाच दोष असेल.

मग आम्ही पुन्हा आत जाऊन बसलो आणि तिचा दिवस कसा जातो ते विचारिले. ज्याचे अंग लुळे आहे त्यास आपणहून कूस बदलता येत नाही. एकाच जागी भार राहिला तर कातडे काळे पडते, मग फुटते, आणि ती जखम हाडापर्यंत जाऊन जिवावर बेतू शकते. म्हणून दर दोन तासांनी, दिवसा तसेच रात्रीही, त्यांस ह्या कुशीवरून त्या कुशीवर वळवावे लागते. लघवीची नळी साफ ठेवावी लागते. शौचाचे पाहावे लागते. आंघोळ, जेवण, औषध हे आहेच. तिचे वय साठीच्या घरात, आणि हवालदारांचा देह तिच्या दीडपट. उचलून उचलून तिची कंबर गेली आहे. मुलगा रात्रपाळी करून येतो. तो मदत करितो, पण त्यालाही पोट आहे. चार वर्षांत ती माहेरी गेली नव्हती. तिची आई वारली तेव्हाही मातीला ती दोन तास उशिरा पोहोचली आणि त्याच रात्री परत आली. रविवारच्या उपासनेस ती का येत नाही, असे मंडळीतील कोणी कधी विचारिले नाही. कारण सर्वांस ठाऊक होते, आणि ठाऊक आहे एवढ्यावरच सर्वांनी ते सोडून दिले होते.

हवालदार आतापर्यंत डोळे मिटून पडले होते. ते एकाएकी म्हणाले, "साहेब, फौजेत पहारा दोन-दोन तासांनी बदलतो. ज्याचा बदलत नाही तो उभ्या-उभ्या झोपतो, आणि मग त्याच्यावर खटला भरतात. हिचा पहारा नऊ वर्षांत कोणी बदलला नाही. खटला मात्र ती स्वतःच स्वतःवर भरते आहे."

त्या दिवशी आम्ही तेथे उपदेश केला नाही. उपदेश आम्हांस मिळाला होता. घरी येऊन आम्ही निर्गमाचा सतरावा अध्याय उघडला, आणि त्यातून तीन गोष्टी आमच्या ध्यानात आल्या.

पहिली गोष्ट ही की, हात जड होणे हे पाप नव्हे.

मोशे हा देवाचा निवडलेला मनुष्य. तो देवाच्या आज्ञेत होता, देवाचे काम करीत होता, देवाची काठी त्याच्या हातात होती. तरीही त्याचे हात जड झाले. तुझा विश्वास कमी पडला म्हणून हात खाली आले, असा ठपका शास्त्र त्याच्यावर ठेवीत नाही. हात मांसाचा होता, म्हणून तो थकला. एकशेएकविसावे स्तोत्र सांगते की, इस्राएलाचा रक्षक डुलकी घेत नाही व झोपतही नाही. पण तो रक्षक परमेश्वर आहे, आणि तसा रक्षक एकच आहे. रात्रंदिवस न झोपता राखण करणे हे देवाचे लक्षण. ते आपण एका बाईकडून मागतो, आणि ती थकली की तिच्या भक्तीविषयी शंका घेतो. असे करणे म्हणजे देवाचे ओझे माणसाच्या शिरावर देणे होय.

एलीया संदेष्टा रतामाच्या झुडुपाखाली पडून मरण मागत होता, हे आपण पहिल्या राजांच्या एकोणिसाव्या अध्यायात वाचितो. त्या वेळी देवाने काय केले? प्रथम त्यास उपदेश केला नाही, रागेही भरला नाही. त्यास झोपू दिले. दूताने उठवून भाकर व पाणी दिले, आणि पुन्हा झोपू दिले. दुसऱ्यांदा उठवून पुन्हा खाऊ घातले. देवाची शांत, हळू वाणी त्यानंतर आली, पुष्कळ चालून होरेबास पोहोचल्यावर. नारायण पेठेतल्या त्या बाईने मरण मागितले ते दुष्टपणाने नव्हे. एलीयासारखी ती थकली होती. तिला क्षमेहून आधी भाकर व झोप द्यावयाची होती, आणि आम्ही तिला नऊ वर्षे नुसती वचने देत होतो.

दुसरी गोष्ट ही की, दुसऱ्याच्या हाती सोपविणे हा प्रेमाचा अभाव नव्हे.

आपल्या घरांत एक समजूत खोल रुजलेली आहे. नवऱ्याची, लेकराची, सासूची सेवा आपणच केली पाहिजे. ती दुसऱ्याच्या हाती दिली तर लोक काय म्हणतील, आणि देवही काय म्हणेल! ह्या समजुतीने पुष्कळ बाया दारावर आलेली मदतही परत पाठवितात. त्यांनी लूकाच्या दहाव्या अध्यायातील शोमरोन्याची गोष्ट पुन्हा वाचावी. प्रेमाचा ह्याहून मोठा दाखला प्रभूने दिलेला नाही. त्या शोमरोन्याने जखमी मनुष्यास पाहिले, त्याच्या जखमांवर तेल व द्राक्षारस ओतला, त्यास आपल्या जनावरावर बसविले. मग काय केले? त्यास उतारशाळेत नेले. रात्रभर त्याची शुश्रूषा केली, आणि दुसऱ्या दिवशी उतारशाळेच्या मालकास दोन नाणी देऊन, ह्याची काळजी घे, अधिक खर्च झाला तर परत येताना देईन, असे सांगून तो आपल्या वाटेस लागला.

बंधुभगिनींनो, तो आपल्या वाटेस लागला! त्याला दुसरी कामे होती. प्रभूने त्याला त्याबद्दल दोष दिला नाही; उलट, तूही जाऊन तसेच कर, असे शास्त्र्यास सांगितले. उतारशाळा ही त्या प्रेमाचाच एक भाग होती. जखमी मनुष्य वाचला तो दोघांच्या हातांनी: एक रस्त्यावरचा, एक उतारशाळेतला. आपल्या मंडळ्यांत शोमरोनी पुष्कळ आहेत. घरोघरच्या बाया शोमरोनी आहेत. उणीव आहे ती उतारशाळेची.

ही उणीव आपल्याच देशात आहे असे नाही. 1813 साली अमेरिकन मराठी मिशनाचे पहिले मिशनरी ज्या काँग्रिगेशनल पंथातून मुंबईस आले, त्याच पंथाच्या मेरी वेबस्टर नावाच्या एक पाळकबाई इंग्लंडात होत्या. 1954 साली आपल्या आईबापांच्या शुश्रूषेकरिता त्यांनी मंडळीचे काम सोडले. काही वर्षांत त्यांच्या ध्यानात आले की, आपल्यासारख्या कितीतरी अविवाहित मुली घराच्या चार भिंतींत अडकून पडल्या आहेत, आणि त्यांची दाद घेणारे कोणी नाही. 1963 साली त्यांनी हे वर्तमानपत्रांतून जाहीरपणे मांडिले, आणि 1965 साली अशा स्त्रियांकरिता एक संस्था स्थापन झाली. 1969 साली मेरीबाई अल्पवयातच वारल्या. पण काम थांबले नाही. 1976 साली ब्रिटिश सरकारने अपंग मनुष्याची घरी शुश्रूषा करणारांस भत्ता सुरू केला. गंमत अशी की, लग्न झालेल्या बायांस तो दहा वर्षे दिला नाही. कारण, त्यांनी हे काम करावयाचेच आहे, अशी समजूत! 1986 सालापासून तो त्यांसही मिळू लागला. ह्यावरून दिसेल की, ही समजूत खेड्यातली नव्हे, हिंदुस्थानातलीही नव्हे. ती जगभरची आहे.

तिसरी गोष्ट ही की, देवाने मदत पाठविली ती माणसांच्या हातांनी.

मोशेचे हात जड झाले तेव्हा आकाशातून दूत आला नाही. अहरोन व हूर तेथे उभे होते. त्यांनी दोन कामे केली, आणि त्यांचा क्रम ध्यानात घेण्याजोगा आहे. प्रथम त्यांनी एक धोंडा आणून त्याच्याखाली ठेविला व त्यास बसविले. मग एकाने एका बाजूने व दुसऱ्याने दुसऱ्या बाजूने त्याचे हात धरिले, ते सूर्य मावळेपर्यंत. त्यांनी काठी मोशेच्या हातून काढून घेतली नाही. तू आता घरी जा, आम्हीच पाहतो, असे म्हटले नाही. त्याचे काम त्याचेच ठेविले, आणि ते त्यास करिता येईल असे केले.

अहरोन मोठा मनुष्य. तो पुढे महायाजक झाला. पण हूर कोण? त्याचा एकही उपदेश शास्त्रात लिहिलेला नाही, एकही चमत्कार नाही. तोंडचा एक शब्दही नाही. एके दिवशी त्याने थकलेल्या माणसाचा हात धरिला, एवढ्यासाठी त्याचे नाव आजवर राहिले. प्रत्येक मंडळीत उपदेश करणारे एक-दोन असतात. हूर होण्यास मात्र कोणालाही आडकाठी नाही. अक्षरओळख नसलेली म्हातारीही हूर होऊ शकते.

थोडे तास हात धरल्याने काय होणार, असे कोणी म्हणेल. त्यांस आम्ही नारायण पेठेतीलच एक गोष्ट सांगतो. 12 जुलै 1961 रोजी पानशेतचे धरण फुटले, खडकवासल्याचेही गेले, आणि मुठेचा लोंढा पुण्यात शिरला. नदीकाठच्या पेठांत, ह्या नारायण पेठेतही, वाडेच्या वाडे पडले. आदल्या रात्री पानशेत येथे काय चालले होते? धरणाचा मातीचा बांध खचत होता, आणि लष्कराचे जवान पावसात, अंधारात, वाळूची पोती रचून तो उचलून धरीत होते. धरण वाचले नाही. पण त्या पोत्यांनी काही तास मिळाले, आणि लोंढा रात्री झोपलेल्या शहरावर न येता दिवसा आला. त्या काही तासांनी किती जीव वाचले, हे पुण्याचे जुने लोक अजून सांगतात. त्या रात्री सैनिकांनी आपल्याकरिता काही तास धरून ठेविले. आज त्यांच्यातल्याच एखाद्याच्या घरी बांध खचत असेल, तर आपण त्यास काही तास देऊ नयेत काय?

आता करावयाचे काय, हे साध्या शब्दांत सांगतो. कारण ज्या उपदेशाने सोमवारी कोणाचा हात हलत नाही तो रविवारीच संपला असे समजावे.

उपदेशकबंधूंनो, प्रथम आपल्या मंडळीतील घरांची यादी करा. ज्या घरी अंथरुणास खिळलेला मनुष्य आहे, फौजेतून जायबंदी होऊन आलेला जवान आहे, मतिमंद म्हणून ज्यास लोक हिणवितात असा वाढलेला मुलगा अथवा मुलगी आहे, किंवा ज्याचे मन आजारी आहे असा कोणी आहे, ती घरे लिहून काढा. रोग्याच्या नावापुढे, त्याची शुश्रूषा कोण करितो, हे लिहा. त्या दुसऱ्या नावाकरिताही प्रार्थना करा. पण आधी त्यास विचारा की, तुम्ही शेवटचे केव्हा स्वस्थ झोपला होता?

मग मंडळीतून चार-पाच माणसे निवडा आणि आठवड्यातील एक दिवस व तास ठरवा. "कधी लागले तर सांगा हं" असे म्हणू नका. तसे म्हटल्याने आजवर कोणी सांगितलेले नाही. मागण्याची लाज तिच्याच गळ्यात पडते. "शनिवारी दोन वाजता आम्ही येतो, सहापर्यंत बसतो" असे सांगा, आणि पाऊस असो की उन्हाळा, दोन वाजता तेथे असा. एकदा येऊन दुसऱ्यांदा न येणे हे मुळीच न येण्याहून वाईट.

पहिले दोन-तीन वेळा ती बाई घरी असताच जा आणि तिच्याजवळून शिका. कूस कशी वळवावी, उशी कोठे द्यावी, पाणी कसे पाजावे, कोणती गोष्ट त्यांस आवडत नाही, हे तिला ठाऊक आहे, तुम्हांस नाही. तिच्या घरी जाऊन तिची पद्धत सुधारू नका. उचलावयाचे असेल तेव्हा दोघांनी उचला. पुरुषाच्या शुश्रूषेस पुरुष जावा, स्त्रीच्या शुश्रूषेस स्त्री जावी. आणि एकट्याने न जाता जोडीने जावे. औषध तिने लिहून दिलेलेच द्यावे, आपल्या शहाणपणाचे देऊ नये. त्या घरात जे दिसेल ते पाणवठ्यावर बोलू नये.

आणि रोग्यास विचारल्याशिवाय काही करू नका. हा मुद्दा आम्ही नारायण पेठेत शिकलो. आम्ही दोघे गृहस्थ घेऊन गेलो तेव्हा हवालदारांनी प्रथम नाही म्हटले. "मला परका हात नको," असे म्हणून त्यांनी भिंतीकडे तोंड केले. ज्या मनुष्याने बंदूक धरली त्यास दुसऱ्याच्या हाताने धुवून घेणे किती जड जात असेल, ह्याचा आम्ही विचार केला नव्हता. आम्ही आग्रह केला नाही. पुढील शनिवारी त्या दोघांपैकी एक, जे स्वतः फौजेतून निवृत्त झालेले आहेत, ते नुसते पत्त्यांचा डाव घेऊन गेले. तिसऱ्या शनिवारी हवालदारच म्हणाले, "आता वळवायची वेळ झाली. तिला हाक मारू नका, तुम्हीच वळवा." खाटेवरच्या मनुष्यानेही ह्या कामात आपला वाटा उचलिला: त्याने आपल्या बायकोस सुटी दिली. दुर्बलाने दिलेले ते दान लहान समजू नये.

सरकारकडून जे मिळावयाचे ते मिळवून देणे हेही उपदेशकाचे काम आहे. कारण आपल्या पुष्कळ लोकांस ते ठाऊक नसते. ज्या निवृत्त सैनिकास शंभर टक्के अपंगत्व आले आहे व ज्यास सतत दुसऱ्याची सोबत लागते, त्यास निवृत्तिवेतनाबरोबर सोबतीचा निराळा भत्ता असतो; 2017 साली तो दरमहा 4,500 रुपयांवरून 6,750 रुपये करण्यात आला. त्याविषयी जिल्ह्याच्या सैनिक कल्याण कार्यालयात विचारावे. पुण्याजवळ खडकी येथे कण्याच्या दुखापतीने लुळ्या झालेल्या सैनिकांकरिता 1974 साली पुनर्वसन केंद्र निघाले, आणि पुण्याचे कृत्रिम अवयव केंद्र 1944 सालापासून हातपाय गमावलेल्या जवानांची सेवा करीत आले आहे. जे सैनिक नाहीत त्यांच्याकरिता 2016 चा दिव्यांग हक्कांचा कायदा आहे. अधिक आधार लागणाऱ्या मनुष्यास काळजीवाहकाकरिता भत्ता देण्याची योजना सरकारांनी करावी, असे त्यात सांगितले आहे. मतिमंदत्व, स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात अशा व्यंगांच्या लोकांकरिता 1999 च्या कायद्याने राष्ट्रीय न्यास स्थापन झाला. घरच्यांस काही काळ विश्रांती मिळावी म्हणून रोग्यास थोडे दिवस ठेवून घेण्याची सोय, हीही त्याच्या योजनांत आलेली आहे. आमच्या मागे ह्या लेकराचे कोण, ही ज्या आईबापांची रात्रीची चिंता आहे, त्यांनी तर ह्या न्यासाची चौकशी अवश्य करावी.

पण हे सर्व मिळाले तरी पुरे होत नाही. अशी सोय असलेली घरे थोडी आहेत, आणि खेड्यापासून दूर आहेत. भत्त्याने औषध येईल, गादी येईल. परंतु रात्री दोन वाजता कूस वळविण्यास माणसाचाच हात लागतो. आणि माणसे मंडळीजवळ आहेत. पैशाने गरीब असलेली आपली खेड्यातील मंडळी ह्या बाबतीत गरीब नाही.

आता ज्या बहिणी व बंधू हा पहारा करीत आहेत त्यांस दोन शब्द. प्रियांनो, मदत आली तर ती घ्या. विश्रांती घेणे म्हणजे आपल्या माणसास टाकणे नव्हे. प्रभूने आपल्या शिष्यांस, लोकांची ये-जा इतकी चालली असता की त्यांस जेवावयासही सवड नव्हती, एकीकडे रानात येऊन थोडा विसावा घेण्यास सांगितले; हे मार्काच्या सहाव्या अध्यायात आहे. लोकांची गरज त्या वेळी संपली नव्हती. तरीही प्रभूने विसावा घेण्यास सांगितले. तुम्ही रागावला असाल, थकून नको ते बोलला असाल, नको ते मागितले असेल, तर ते त्याच्यापुढे ठेवा. तुमचे हात किती वेळ वर आहेत हे तो जाणतो.

नारायण पेठेतल्या त्या बाईचे पुढे काय झाले, हे पुष्कळांस जाणावेसे वाटेल. पहिल्या शनिवारी ती कोठेही गेली नाही. शेजारणीच्या खोलीत चटईवर आडवी झाली, आणि चार तास झोपली. दुसऱ्या शनिवारीही झोपली. चौथ्या शनिवारी ती नदीवर जाऊन बसली. नाताळाच्या आधी मंडळीतील लोकांनी पाळ्या लावून तीन दिवस व तीन रात्री पहारा सांभाळिला, आणि ती माहेरी जाऊन आईच्या कबरेवर फुले ठेवून आली. तिची कंबर अजून दुखते. हवालदार अजून लुळेच आहेत, आणि काही दिवस फार वाईट जातात. चमत्कार झाला असे आम्ही म्हणत नाही. मात्र परवा आम्ही गेलो तेव्हा तिने चहा आणला, आणि आत न जाता कप घेऊन आमच्याबरोबर बसली. आम्ही तिला विचारिले, "बाई, ती जुनी प्रार्थना?" ती म्हणाली, "आता नाही येत तोंडात. झोपले की माणूस निराळे मागते."

शेवटी एवढेच. गेथशेमानेच्या बागेत आपल्या प्रभूने आपल्या मित्रांजवळ एक लहानशी गोष्ट मागितली: मी प्रार्थना करितो तोवर माझ्याबरोबर जागे राहा. त्याने दिवस मागितला नाही, वर्ष मागितले नाही; तासभराचा पहारा मागितला. आणि ते झोपी गेले. तो तास आता परत येणार नाही. पण प्रभूने सांगून ठेविले आहे की, ह्या माझ्या अगदी लहानांपैकी एकाला जे तुम्ही केले ते मला केले. तेव्हा तुमच्या गावात, तुमच्या गल्लीत, एखाद्या खाटेजवळ आज रात्री जो कोणी जागा आहे, त्याच्याबरोबर प्रभूच पुन्हा जागा आहे, आणि तो पुन्हा तेवढाच एक तास मागत आहे.

हे दयाळू पित्या, जे खाटेवर आहेत त्यांस धीर दे. जे खाटेजवळ आहेत त्यांस झोप दे. आणि जे आम्ही दारावरून जातो त्या आमचे डोळे उघड, म्हणजे पहारा बदलण्याची वेळ झाली हे आम्हांस दिसेल. प्रभु येशू ख्रिस्ताच्या नावाने मागतो. आमेन.